‘कीप’च्या नोंदीतली फुलवाली

अण्णा,

तुम्ही गेल्याचं रेणुकेला कुणी सांगितलं नसेल, असं माझ्या मनात आलं. तुमच्या घरचे तिला ओळखत नव्हते, मंडळातलं कुणी तिच्याकडे जाणार नव्हतं. तुम्ही दिसला नाहीत तर ती काही दिवस वाट बघेल आणि मग कुणीतरी बोलता बोलता सांगून टाकेल. तसं होऊ नये म्हणून मी जयनगरहून मेट्रोने यशवंतपूरला गेले. काय बोलायचं ते डब्यात बसून मनाशी जुळवत होते.

रेणुका कोण हे तुम्हाला सांगायला नको. पण हे आपल्या मराठी मंडळाच्या मासिकात छापून येणार आहे, तेव्हा थोडं वाचणाऱ्यांसाठी. या मासिकात आपण दोघं एक लहानसं सदर लिहीत होतो. दर अंकात इंग्रजीतलं एक रोजचं क्रियापद, त्याचे अर्थ, ते कुठून आलं, आणि प्रत्येक अर्थाखाली एक मराठी वाक्य. वाक्य पुस्तकातलं चालत नसे. बेंगळुरात कुणीतरी खरोखर बोललेलं आणि आपल्यापैकी एकाने स्वतःच्या कानाने ऐकलेलं असायला हवं. खाली बोलणाऱ्याचं नाव द्यायचं. हा नियम तुमचा. मी कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली. कोशातून नेमका प्रतिशब्द काढून दिला की झालं, असं मला वाटायचं. तुम्ही निपाणीकडचे, यशवंतपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. पहिल्याच बैठकीत म्हणालात, “बाई, कोशातली मराठी पुण्यात बोलतात. इथं घरात काय बोलतात ते कोण लिहिणार? आपल्या पोरांनी घरची भाषा कागदावर बघितलीच नाही, तर ती म्हणणार ही भाषाच नव्हे.”

मला ते लागलं. आमचं घराणं इथे तीनशे वर्षं आहे म्हणतात. आमच्या घरात ‘स्वल्प थांब’ आणि ‘सरी, येते’, म्हणजे ‘जरा थांब’ आणि ‘बरं, येते’, हे मराठीच असतं, आणि पुण्याहून आलेला पाहुणा हसला की आम्ही गप्प बसतो.

सदरातली सगळ्यात चांगली वाक्यं तुमच्या रेणुकेची होती. स्टेशनबाहेरच्या बाजारात ती फुलं विकते, माहेर निपाणीकडचं, नवरा मार्केट यार्डात हमाल, मुलगी शिकते आहे, हे सगळं मला तुमच्याकडून कळलं. तिची कंबर दुखायची. गिऱ्हाइकाशी ती कन्नडमध्ये भांडायची आणि स्वतःशी मराठीत पुटपुटायची, आणि ते पुटपुटणं तुम्ही टिपून आणायचात. एकदा तुम्ही पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा माझ्या हातात ठेवलात. “रेणुकेनं दिलाय. म्हणाली, तुमच्या त्या बाईंना द्या.” मी तो आईच्या फोटोला घातला. त्या वर्षीच्या दिवाळीपासून मी दर वर्षी तिच्यासाठी एक साडी तुमच्याबरोबर पाठवू लागले. तुम्ही ती पिशवीत नीट घडी मोडणार नाही अशी ठेवायचात.

बाजारात रेणुका नव्हती. मी फुलांच्या पाट्यांमधून दोनदा फिरले. शेवंती विकणाऱ्या एका बाईला कन्नडमध्ये विचारलं. तिने शेजारणीला विचारलं, शेजारणीने पलीकडच्या म्हाताऱ्याला. म्हातारा तिथे कित्येक वर्षं बसतो. तो म्हणाला, मराठी बोलणारी फुलवाली इथे कधीच नव्हती; तमिळ आहेत, तेलुगू आहेत, आम्ही आहोत. मी तुमचं वर्णन सांगितलं. उंच, पांढरी मिशी, खांद्याला खाकी पिशवी. तो लगेच म्हणाला, “हो हो, ते ना, शनिवारी गजरा घेऊन जायचे. बोलायचे नाहीत. बोटाने दाखवायचे.”

मला वाटलं, म्हातारा चुकतोय. तिथून तुमच्या घरी आले.

सुमनअक्कांनी दार उघडलं. त्यांच्या अंगावर जांभळ्या काठाची करडी साडी होती. मागच्या दिवाळीत मी जयनगरच्या दुकानात अर्धा तास घालवून निवडलेली, रेणुकेसाठी.

मी साडीकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. पदर सारखा करत म्हणाल्या, “तुम्ही दिलेलीच. दर वर्षाला आठवणीनं देता. मी म्हणायची ह्यांना, बाईंना एकदा जेवायला बोलवा, नुसतं घेत बसायचं बरं दिसत नाही. तर म्हणायचे, बाईंना असलं आवडत नाही, तू काही बोलू नको.”

मी कॉफीचा पेला हातात धरून बसले होते. तुमचा फोटो समोर होता, त्याला हार होता. मी विचारलं, “अक्का, रेणुका कोण?”

त्यांना माहीत नव्हतं. त्या मासिक वाचत नसत. तुम्ही वाचून दाखवलं नसेल. मग मी त्यांना एक वाक्य म्हणून दाखवलं. इंग्रजी ‘कीप’च्या नोंदीतलं, एखादी वस्तू न बिघडता राहते या अर्थाखालचं. ‘मोगरा ओल्या फडक्यात ठेव, सकाळपर्यंत रुसायचा नाही.’ खाली छापलंय: रेणुका, फुलवाली, यशवंतपूर.

अक्का हसल्या. घरात मरण झाल्यावर माणूस दचकून हसतं तसं. “हे आमच्या सासूबाईंचं की. त्यांच्या तोंडी सगळंच रुसायचं. दूध रुसायचं, भात रुसायचा, फुलं रुसायची. मी इथल्या आनेकलची, आमच्यात असलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ह्या घरात माझ्याआधी भातच रुसून बसतो.”

मग मी आणखी म्हणून दाखवली. जी आठवली ती. बहुतेक सासूबाईंची निघाली.

आता आपण ‘कीप’ लिहिलं त्या दुपारचं, अण्णा. ‘कीप’ला आपल्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. पुस्तक ठेवायचं, गाय पाळायची, दिलेला शब्दही पाळायचा, शेत राखायचं, दुकान चालवायचं, माणसाला ताटकळत ठेवायचं. मी त्याचं मूळ शोधत होते. ‘गिव्ह’, ‘कम’ यांची भावंडं जर्मनमध्ये, डचमध्ये सापडतात. ‘कीप’चं खात्रीचं असं कुणी सापडत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या लिखाणात ते अचानक दिसू लागतं, आणि एकदम अनेक अर्थांनी. धरणं, पाळणं, लक्ष देणं, कुणाच्या तरी वाटेकडे नजर लावून असणं. जाणकारांचा अंदाज असा, की ते आधीपासून साध्या लोकांच्या तोंडी असावं आणि लिहिणाऱ्यांनी ते उशिरा उचललं. हे वाचून दाखवल्यावर तुम्ही खूश झालात. “म्हणजे होतं की, बाई. ऐकणारा नव्हता.”

त्याच्या मुळाबद्दल एक तर्क मला नोंदीत घालायचा होता, ‘बहुधा’ लावून. तुम्ही ऐकेनात. “बहुधा कशाला? माहीत नाही म्हणून लिहा. त्यात लाज कसली?” आपण ‘मूळ अज्ञात’ असं छापलं.

त्याच नोंदीत मी माझ्या आईचं एक वाक्य दिलं होतं. मी कॉलेजातून उशिरा आले की ती आतूनच म्हणायची, “तुझं झाकून ठेवलंय, आधी पाय धू.” ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात.

“हे कुणाचं, बाई?”

“आईचं.”

“कधी ऐकलं?”

मी आईच्या फोटोकडे बोट दाखवलं.

“मग नाही चालणार. गेलेल्या माणसाचं वाक्य घ्यायचं नाही. असंच म्हणाला होता का, हे ज्याला परत विचारता येत नाही, त्याचं आपण घेत नाही. आपली आई म्हटलं की आपण तिच्या तोंडात पाहिजे ते घालतो.”

तुमचं बरोबर होतं. मी ते वाक्य खोडलं. तुमच्यासमोर खोडलं, आणि तुम्ही गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला तुमचा राग आला नव्हता. इतका कडक माणूस आपल्या कामात आहे याचा अभिमान वाटला होता. आणि त्याच नोंदीत, त्याच दुपारी, दोन अर्थ सोडून खाली तुम्ही तुमची आई ठेवलीत. फुलवालीच्या वेषात ठेवलीत. मला खोडायला लावून तुम्ही ते लिहिलंत. पुष्कळ शोधूनही मला यावर दुसरं काही म्हणता येत नाही.

का, ते अक्कांनी सांगितलं. मी न विचारताच.

“त्यांना ऐकू येत नव्हतं, बाई. तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“कधीपासून?”

“स्वल्प स्वल्प गेलं. आधी डावा, मग दोन्ही. मशीन आणलं मुलानं, चांगलं आणलं. घरात लावायचे. तुमच्याकडे निघाले की काढून कपाटात ठेवायचे.”

“मला कळू नये म्हणून?”

“बाईंना कळलं तर काम थांबवतील म्हणायचे. आमचा नियम आहे म्हणायचे, आपल्या कानानं ऐकलेलं पाहिजे. दुसरं काय होतं हो त्यांना? रिटायर झाल्यावर दिवसभर खिडकीत बसलेले. शनिवार आला की दाढी करायचे.”

थांबवलं असतं का मी? परतीच्या मेट्रोत हेच चाललं होतं डोक्यात. थांबवलं असतं, अण्णा. मी तशीच आहे. पण थांबवण्याआधी तुमच्याबरोबर बाजारात आले असते. तुम्ही माणसं दाखवली असतीत, मी ऐकलं असतं. तुम्हाला अर्थ कळतात, मला नुसते शब्द ऐकू येतात; दोघांचं मिळून झालं असतं की काम. हे तुम्ही मला सुचवूही दिलं नाहीत. माझ्या वतीनं तुम्हीच उत्तर दिलंत आणि त्याला घाबरून राहिलात.

आणि मग जे आठवत गेलं ते वाक्यांपेक्षा वाईट होतं. तुम्ही नेहमी माझ्या समोरच्या खुर्चीत, उजेडाकडे पाठ करून बसायचात, माझ्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे. मला ते आदबीचं वाटे. मी काही वाचून दाखवू लागले की कागद मागून घ्यायचात, “द्या, मी बघतो.” मला वाटे, किती बारकाईने बघतात. मी विनोद केला तर एक क्षण उशिरा हसायचात. मला वाटे, निपाणीची माणसं सावकाश हसतात.

एका पावसाळ्यात माझ्या मुलाने मला घर विकून त्याच्याकडे, परदेशात यायला सांगितलं होतं. मी कुणापाशी बोलले नव्हते. तुमच्यापाशी बोलले. खिडकीकडे बघत बोलले, कारण रडू येत होतं. त्याने कसं विचारलं, सूनबाई मागून काय म्हणाली, मला काय वाटलं. सगळं. तुम्ही शेवटपर्यंत मध्ये बोलला नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणालात, “सरी, बाई. असूं दे. आपलं आपण चालू ठेवायचं.” मी इथेच राहिले ते त्या वाक्यावर. मुलाला नाही म्हटलं ते त्या बळावर. आणि आता मला माहीत नाही, की तुम्ही घराबद्दल बोलत होतात की पुढच्या क्रियापदाबद्दल. मी खिडकीकडे तोंड करून बोलले होते, अण्णा. माझे ओठ तुम्हाला दिसत नव्हते.

तुमच्यावर चिडायचं तर समोर कुणी नाही, म्हणून मी अक्कांवर चिडले. मंडळ आपल्या सदराचं पुस्तक काढतंय हे तुम्हाला माहीतच आहे. शेवटची प्रुफं माझ्याकडे होती. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा मी अक्कांना सांगितलं, रेणुकेची सगळी वाक्यं मी काढणार.

त्या भांडी पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या. “का? खोटी थोडीच आहेत? सासूबाई तसंच बोलायच्या, मी साक्षीला आहे.”

“बेंगळुरात ऐकलेली म्हणून छापलीत, अक्का. रेणुका नावाची बाई नाही.”

“मग सासूबाईंचं नाव घाला.”

“गेलेल्या माणसाचं घेत नाही. हा त्यांचाच नियम.”

“त्यांचाच नियम त्यांनाच लावता होय?” असं म्हणून त्यांनी पातेलं जरा जोरात ठेवलं. “त्यांच्या आईचं बोललेलं आता कुणाच्या तोंडात राहिलं नाही. माझ्या मुलाला येत नाही, मला येत नाही. त्यांनी ठेवलं कुठंतरी. कुणाचं काय गेलं?”

माझं गेलं, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. आईच्या वाक्याचं त्यांना सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. इथे वाचतील, कुणीतरी वाचून दाखवलं तर.

मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. “सरी. काढा. पण मासिकात त्यांच्याबद्दल लिहाल, तेव्हा बहिरे होते हेही लिहा. नुसतं खोटं बोलले एवढंच लिहू नका.”

म्हणून दोन्ही लिहिलं आहे.

रेणुकेची वाक्यं मी काढली. एकेक काढताना ती किती चांगली होती ते पुन्हा दिसत होतं. तुमच्या आई भांडखोर असाव्यात आणि मायाळू, आणि त्यांना फुलं आवडत असावीत. एवढी ओळख मला झाली आहे आणि ती मी कुणाला सांगू शकत नाही. ‘कीप’च्या नोंदीत सगळ्यात मोठी भोकं पडली. छापखान्यातला मुलगा फोनवर म्हणाला, मॅडम, पानात खूप पांढरं राहतंय, चित्र टाकू का. मी नको म्हटलं. जिथे वाक्य नाही तिथे ‘ऐकलेलं मिळालं नाही’ असं घालायला सांगितलं. पुस्तकावर दोघांची नावं तशीच आहेत, आधी तुमचं. ते बदलावं असं मंडळातल्या एकदोघांना वाटतं. मला वाटत नाही. कामातलं अर्ध्याहून जास्त डोकं तुमचं आहे, आणि फसवणूक केल्याने डोकं कमी होत नाही.

मग तुमची शोकसभा झाली. मंडळाच्या सभागृहातच, रविवारी. लोक चांगलं बोलले. ‘कानाचे पक्के’ असं एकाने तुमच्याबद्दल म्हटलं, तेव्हा अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पायांकडे. मला बोलायचा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. मी लिहिते म्हटलं.

नंतर चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, आणि कॉफी होती. पुष्कळ उरलं. मी पाण्याचा पेला घ्यायला मागच्या खोलीत गेले तेव्हा तिथे यमुना डबे भरत होती. यमुना म्हणजे सभागृह उघडते, झाडते, कार्यक्रमाला वाढते ती. आनेकलहून बसने येते, घरी मराठी बोलते. तिची मुलगी मंडळाच्या मराठीच्या वर्गात शिकलेली आहे. उरलेलं कुणी नेत नव्हतं, दुपारपर्यंत आंबेल म्हणून सगळ्या बायका नाही म्हणत होत्या. यमुना एकीच्या हातात डबा कोंबत होती.

“न्या ओ अक्का. लिंबू घातलंय. उद्या सकाळपर्यंत रुसायचं नाही ते.”

मी पेला खाली ठेवला.

“यमुना, काय म्हणालीस?”

“काय म्हणाले? न्या म्हणाले.”

“रुसायचं नाही म्हणालीस.”

“हां. खराब व्हायचं नाही.” तिला वाटलं मला शब्द समजला नाही. “रुसणं म्हणजे आंबणं, बाई.”

“हे तू कुठून शिकलीस? मासिकातून?”

“मी कुठं मासिक वाचते?”

“मुलीने सांगितलं?”

“नाही हो.” ती आता थोडी वैतागली होती. हातात झारा होता आणि डबे भरायचे बाकी. “शिकायचं काय त्यात? असंच म्हणतात की. आमच्या गल्लीत सगळ्या म्हणतात.”

सगळ्या म्हणत नाहीत. अक्काही आनेकलच्याच आहेत, आणि लग्नाआधी त्यांनी हे ऐकलेलं नव्हतं. मासिकातून मुलीकडे, मुलीकडून घरात, घरातून गल्लीत, असं ते गेलं असेल. किंवा निपाणीकडची एखादी सून त्या गल्लीत आधीपासून असेल आणि तुमचा काही संबंधच नसेल. मी पुष्कळ विचार केला. कळायला मार्ग नाही.

पण मी ते ऐकलं आहे. माझ्या कानाने, बेंगळुरात, जिवंत माणसाच्या तोंडून, आणि वाटलं तर उद्या जाऊन पुन्हा विचारता येईल. अण्णा, तुमच्या नियमात बसतं ते. मी घरी येऊन छापखान्यात फोन केला आणि ‘कीप’च्या नोंदीतली एक मोकळी जागा भरून घेतली. नाव टाकलं: यमुना, सभागृहाची व्यवस्था, आनेकल.

तुमचं नाव त्या वाक्याखाली येणार नाही. तुमच्या आईचंही नाही. मी एवढंच करू शकते, आणि यापेक्षा कमी मला करायचं नव्हतं.